हवालदारांच्या कागदावरची बायको

हवालदार सरकारी कचेरीत कधी बसले नाहीत. समोर रिकामी खुर्ची असो, शिपाई स्वतः "बसा ना आजोबा" म्हणो, ते आपले पाय जुळवून, निळी फाइल छातीशी धरून उभे. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. मी शेजारच्या खुर्चीत बसलेली असायची आणि मलाच लाज वाटायची. एकदा चिडून म्हटलं, "अहो, बसा की! इथे कोण तुमची परेड घेतंय?" तर म्हणाले, "बाई, बसलेला माणूस विसरला जातो. उभा माणूस डोळ्यांत खुपतो." एवढं खुपूनही त्यांचं काम व्हायला अडीच वर्षं लागली, ती गोष्ट वेगळी.

कोपरला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ते तळमजल्यावर, मी त्यांच्या डोक्यावर. मी शाळेतून निवृत्त झाले आणि आपोआप अख्ख्या इमारतीची अर्ज लिहून देणारी बाई झाले. पाण्याचा अर्ज, मीटरचा अर्ज, कुणाच्या नातीच्या दाखल्याचा अर्ज. या कामाचा मला मनापासून कंटाळा आहे, पण नाही म्हणायला जीभ वळत नाही. हवालदार आले ते सैन्यातून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक घेऊन. त्यात बायकोचं नाव होतं सुनंदा. आणि आधार कार्डावर, रेशन कार्डावर, मतदार यादीत शेवंती.

शीळफाट्याच्या पलीकडे राहणारे त्यांचे पलटणीतले एक सोबती नुकतेच वारले होते. त्यांच्या बायकोचंही नाव असंच जुळत नव्हतं, आणि ती बिचारी कुटुंब पेन्शनसाठी महिनोन् महिने खेटे घालत होती. ते बघून हवालदारांची झोप उडाली. "बाई, मी उद्या गेलो तर हिला विचारतील, तू कोण? ही काय सांगणार? दोन वाक्यं बोलायची तर पदर चावते. माझ्या जिवंतपणी हे झालं पाहिजे," म्हणाले.

चूक कुणा कारकुनाची नव्हती, त्यांची स्वतःचीच होती. खेडकडच्या त्यांच्या गावी लग्न लागलं, लक्ष्मीपूजनाला ताटातल्या तांदळांवर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं, ते त्यांनी मोठ्या हौसेनं लिहिलं, सुनंदा. तिसऱ्या दिवशी रजा संपली. पलटणीत पोचल्यावर बायकोचं नाव नोंदवायला सांगितलं, तर स्वतः ठेवलेलंच नाव माणूस सांगणार. इकडे घरात मात्र सासूला ते नवं नाव काही रुळेना. ती त्याच गावची, शेजारपाजारचेही तिला लग्नाआधीपासून शेवंती म्हणूनच ओळखत होते, ती राहिली शेवंतीच. "नाव ठेवलं आणि मी निघून गेलो," हवालदार म्हणाले, "हाक मारायला तिथं होतं कोण?"

मग सुरू झाल्या आमच्या ठाण्याच्या वाऱ्या. स्टेशनचा जिना त्यांच्या गुडघ्यांना झेपत नसे, म्हणून रस्त्यानं जायचो आणि शीळफाट्याला तासभर अडकायचो. मी वैतागायची. ते खिडकीतून ट्रकांच्या रांगेकडे पाहत म्हणायचे, "सरकतंय, सरकतंय." प्रत्यक्षात काहीही सरकत नसे. कचेरीत पोचावं तर अर्ज दुसऱ्या नमुन्यात हवा, फोटो जोडीचा हवा, सरपंचाचा दाखला हवा, राजपत्रात नाव छापून यायला हवं. एका टेबलावरच्या पोरगेल्या कारकुनानं त्यांना हसत विचारलं, "आजोबा, खरं सांगा, दोन लग्नं केलीत का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हवालदार शांतपणे म्हणाले, "एकीलाच वेळ देता आला नाही साहेब, दुसरी कुठून करू?" तो कारकून वरमला. पुढे त्यानंच आमचं प्रकरण नेटानं लावून धरलं, हेही सांगायला हवं.

त्यानंच सुचवलं, जुना काही पुरावा असेल तर आणा. हवालदारांना आठवली पत्रं. सीमेवरून ते दर पंधरवड्याला लिहायचे, आणि पाकिटावर न चुकता 'सौ. सुनंदा'. जगात त्या नावाची बाई फक्त त्या पाकिटांवर आणि सैन्याच्या कागदांत राहत होती. शेवंतीवहिनींनी ती सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली. पण डबा मागितला तर त्या एकदम बिथरल्या.

"मी नाय देणार. माझी पत्रं सायबानं कशापायी वाचायची?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी ना?"

"भलं राहू दे. तुमी काय काय लिवलंय ते ठाऊक हाय ना तुमाला?"

हवालदार चक्क लाजले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लाजलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी वहिनींनी एक रिकामं पाकीट दिलं, आतलं पत्र काढून घेऊन. कचेरीत त्याचा काही उपयोग झाला नाही. याला पुरावा म्हणत नाहीत, असं सांगून साहेबांनी ते परत केलं. हवालदारांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं.

मग टेंभी नाक्याजवळच्या वकिलाकडे दोघांचं प्रतिज्ञापत्र झालं, सरपंचाचा दाखला आला, राजपत्रात नाव छापून आलं. दोनदा फाइल वर गेली आणि दोनदा खाली आली. आमच्यापैकी कोण आधी दमतंय याचीच जणू पैज लागली होती. दमले मीच. पावसाळ्यात एकदा मी सरळ सांगितलं, "हवालदार, आता माझ्यानं होत नाही." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या खेपेला एकटेच गेले. ते मला कळलं तेव्हा स्वतःचीच चीड आली. त्यानंतर मी एकही खेप चुकवली नाही.

शेवटी पत्र आलं. बायकोचं नाव सुनंदाऐवजी शेवंती असे वाचावे. हवालदार ते घेऊन वर आले. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "बसा," आणि ते खरंच बसले. कागद गुडघ्यावर पसरला. "झालं एकदाचं," मी म्हटलं. "झालं," ते म्हणाले, "पण बाई, सुनंदा गेली की हो." मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली. आज वाटतं, तेव्हा गप्प बसायला हवं होतं.

त्यानंतर चारच महिन्यांनी हवालदार गेले. झोपेतच, कुणाला उभं न करता.

दिवसपाणी उरकल्यावर मी वहिनींना घेऊन बँकेत गेले. कागद सगळे तयार होते, निळ्या फाइलीत, त्यांच्याच हातानं क्रमानं लावलेले. वहिनींपुढे खुर्ची होती. त्या बसल्या नाहीत, फाइल छातीशी धरून उभ्या राहिल्या. काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं, "आजी, नाव सांगा तुमचं."

"सुनंदा," वहिनी म्हणाल्या.

मुलीनं पडद्यावरून मान वर केली. "इथे तर शेवंती आहे."

"शेवंतीच, शेवंतीच," मी घाईघाईनं म्हटलं. "गोंधळल्यात हो त्या." मुलीनं आधार कार्ड पाहिलं, नवं पत्र पाहिलं, यंत्रावर अंगठा घेतला. दहा मिनिटांत काम झालं. 'तू कोण' असं कुणी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी भडकलेच. "वहिनी, अडीच वर्षं झिजले हो ते या एका नावापायी! आणि तुम्ही..."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण बाई, ते नाव ठेवून गेले ते गेलेच. मागनं आले तवा चारचौघांत हाक मारायला लाजायचे. मी एकदाबी त्या नावाला ओ दिली नाय."

मला रडू आवरेना. अर्ज लिहून लिहून कोरडी पडलेली बाई मी, बँकेच्या दारातच रडत उभी राहिले. वहिनी मात्र फाइल सावरत पायऱ्या उतरू लागल्या. एक पायरी जरा उंच होती.

"सुनंदावहिनी, जपून," मी मागून म्हटलं.

त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

"ओ," म्हणाल्या.