ताकद उंबऱ्याबाहेर

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत वडील दुपारपाळीला गेले, की आई वाचनालयातली कादंबरी आम्हा दोघी बहिणींना मोठ्यानं वाचून दाखवायची. त्यातला पैलवान आखाड्यात समोरच्याचा खांदा निखळवायचा, पण घरात शिरताना उंबऱ्याला हात लावून म्हणायचा, "ताकद बाहेर राहिली." आमच्या वडिलांची ताकद कधीच बाहेर राहिली नाही. आईच्या पाठीवर वळ असायचे.

नव्वदीच्या दशकात त्या कादंबरीवर सिनेमा आला. आम्ही चौघं गेलो. पैलवान पडद्यावर आला, तसा आईनं माझा हात घट्ट धरला. हुबेहूब होता मेला! मध्यंतरानंतर तो घरी आला, उंबऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि बायकोच्या खाडकन मुस्काटात लगावली. असलं दाखवणाऱ्याचे हात झडोत! थेटरात शिट्ट्या पडल्या. वडील खदाखदा हसले. "बघ, तुझा पैलवानसुद्धा!"

आईनं मांडीवरचा चिवड्याचा स्टीलचा डबा उचलला आणि त्यांच्या तोंडावर हाणला. परत हाणला. नाकातून रक्ताची धार लागली. बॅटरीवाला धावत आला, "बाई, काय चाललंय?"

आई पडद्याकडं बोट करून त्याच्यावरच ओरडली, "पुस्तकात तो मारत नाही!"