जाळीवरचा तळहात

आर्वीच्या डेपोमागे टीव्ही दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं बोलू लागतो. मला तो माज वाटायचा. स्पीकर तपासताना तो कान लावत नाही, जाळीवर तळहात ठेवतो. ते मला कसब वाटायचं.

परवा आमच्या टीव्हीला जोडलेले स्पीकर मुके झाले, म्हणून त्याला घरी बोलावलं. त्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये बाहेरचा स्पीकर निवडला आणि लगेच बातम्या ऐकू येऊ लागल्या, बारीक पण स्वच्छ. तो मात्र जाळीवर हात ठेवून खाली मान घालून बसला होता.

"आवाज येऊन नाई राह्यला अजून. वायरच खराब हाय जी," म्हणत त्याने चांगली वायर उपसली, नवी लावली, पुन्हा हात ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पाठीमागून मी रिमोटने आवाज वाढवत गेलो. आमच्या कानठळ्या बसू लागल्या, तेव्हा कुठे तो हसला.

"आला न जी आता?"

मी मान हलवली.

तो गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत मी आवाज तसाच ठेवला. कमी केला असता तरी त्याला कळलं नसतं.