उपग्रह पडला त्या दिवशीचे बिबडे

निकामी झालेला कुठलासा परदेशी उपग्रह आज संध्याकाळी पडणार, असं रेडिओनं सांगितलं आणि आमच्या बोदवडच्या गल्लीला खूळ लागलं. गल्लीत उंच धाबं आमचंच, म्हणजे डोकेदुखीही आमचीच.

त्या मातीच्या गच्चीवर माझे बिबडे वाळत होते. ज्वारी तीन दिवस भिजवून, कांडून, तिखट-तीळ घालून शिजवून, एकेक हातानं थापलेले पापड. दरवर्षी आई दोंडाईच्याहून माझ्यासाठी डबा भरून पाठवायची. यंदा तिचा उजवा हात मोडला होता, म्हणून पहिल्यांदाच मी तिला पाठवणार होते. बिबडे अजून ओलसर होते. धूळ बसू नये म्हणून वरून जुनं लुगडं झाकलं होतं.

"तुमच्या धाब्यावरून बरं दिसीन, बाई," म्हणत शेजारचे नाना आले. मागोमाग अख्खी गल्ली. मी चुलीशी अडकलेली. माणसं फार रीतीची हो, चपला खाली काढून वर गेली! वर लुगडं पसरलेलं पाहून त्यांना वाटलं, सूनबाईनं बैठक घातलीय. बसली ऐसपैस मांडी घालून.

मी वर पोचले तर नाना म्हणतात, "बैठक जरा ओली लागते, बाई."

मी तोंडाचा पट्टा सोडला. वयाचा मान म्हणून नानांना ओढून उठवायचं तेवढं बाकी ठेवलं. इतक्यात सगळे ओरडले, "तो पाहा!" मावळतीकडून उगवतीकडे विस्तव चालला होता म्हणे, लांब शेपटासकट. मी लुगडं उचलून खालचा लगदा पाहत होते. उपग्रह मला दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लगदा गुरांना घालत होते, तर दारात आई. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, पॅसेंजरच्या गर्दीतून एकटी आलेली. माझं डोकं आणखीच फिरलं. अशा हातानं यायचं काही अडलं होतं का?

"तुन्हा गावकडे इस्तो जातांना देखा," ती म्हणाली. "रातभर डोयाले डोया लागना नही."

मी बिबड्यांचं रडगाणं सुरू केलं. तिनं डाव्या हातानं माझं तोंड चाचपलं.

"तू जिती शेस ना, माय? मंग बठ्ठं शे, समदं शे."

मग विचारलं, ज्वारी कुठे ठेवलीस. एका हातानं थापणार होती, माझ्यासाठी. मी तिच्यावर खेकसले, आणि खेकसतच ज्वारी भिजत घातली.