माळावरची पंगत

“सुई कोणती दिली?”

नमस्काराच्या आधी डॉक्टरांचा हा प्रश्न यायचा. लग्नाच्या मांडवात भेटा नाहीतर एसटीत. माझी पाठ धरली तेव्हा मला बघायला आले आणि हेच विचारलं. मी म्हणालो, “डॉक्टर, मला जाळणार आहेत, गिधाडांना घालणार नाहीत.” तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर गुरांचे, आणि तेही नावापुरते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून निवृत्त झालेले. वडीगोद्रीत हायवेला माझं बियाण्यांचं दुकान आहे, दुपारी तिथं टेकायचे. बैल लंगडला की वर्षानुवर्षं ते दुखण्याचं एकच इंजेक्शन टोचत आले. तेव्हा मेलेलं जनावर माळावर टाकायचे आणि गिधाडांची पंगत बघता बघता हाडं तेवढी ठेवून उठायची. मग गिधाडं दिसेनाशी झाली. कुणी चौकशीही केली नाही. पुढं एका शिबिरात साहेबांनी सांगितलं, तेच औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात गेलं आणि गिधाडं संपली. त्या दिवशी डॉक्टर दुकानात आले आणि चहा न पिताच उठून गेले.

मला वादाची खाज. मी म्हणायचो, जगात काय काय संपलं, गिधाडावाचून कुणाचं अडलंय? डायनासोर गेले, त्यांचं सुतक कुणी धरलं?

“डायनासोरला सुई म्या न्हवती टोचली,” डॉक्टर म्हणाले.

आता डॉक्टरही नाहीत, पण डायनासोरचा दाखला मी पुन्हा कुणाला दिला नाही.

ते औषध बंद झालं. मग डॉक्टर लोकांना विनवायला लागले, जनावर पुरू नका, माळावर टाका; खायलाच नसेल तर ती परत येतील कशाला? लोक म्हणायचे, गिधाडं येतील तेव्हा येतील, कुत्री आजच येतात.

शेवटी त्यांचाच म्हातारा बैल लंगडून पडला. गिधाडांना न बाधणारं दुसरं औषध मिळत होतं, पण डॉक्टरांचा कुठल्याच बाटलीवर भरवसा उरला नव्हता. मिठाच्या गरम पाण्यानं पाय शेकत बसले. बैल कण्हायचा. डॉक्टरांच्या घरच्या काकू मला म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही तरी सांगा. गेलेल्या पाखरांपायी जित्या जनावराला छळून राह्यलेत.” मी सांगितलं. ते शेकत राहिले.

बैल गेला. ट्रॅक्टरनं माळावर नेला आणि डॉक्टर शेजारी छत्री उघडून बसले, हातात काठी, कुत्री हाकलत. पानं वाढून यजमानानं दारात बसावं तसे. दुसऱ्या दुपारी वास गावात पोचला आणि सरपंचांनी जेसीबी पाठवला. त्याच्या मागोमाग आम्ही पाच-सात जण गेलो, मजा बघायला.

डॉक्टर जेसीबीच्या पुढ्यात उभे राहिले. आवाज चढवला नाही.

“घडीभर दम धरा. त्यांला लांबून यायचंय.”

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. हसायला आलेल्यांपैकी कुणी हसलं नाही. नाकाला रुमाल लावून आम्ही सगळेच आभाळाकडं बघत उभे राहिलो. एक घार आली, चक्कर मारून गेली.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी छत्री मिटली. ड्रायव्हरला म्हणाले, “घे बाबा. खड्डा जरा खोल घे.”