तेहतीसचं वाण

मागून मागून माणूस थकतो, हे मला आठ वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. थकायचं तर देणाऱ्याने, असं वाटायचं. आता उन्हाळा लागला की मी चष्मा पुसते, फोन घेऊन बसते आणि जबलपुरातल्या ओळखीच्या मराठी घरांना एकेक करून फोन लावते. अर्धे लोक माझं नाव बघूनच उचलत नाहीत. आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "काहून एवढी धावपळ करून राहिली? लोकायले आता तुझी भीती वाटते." खरंच वाटते. लग्नाकार्यात मी शेजारच्या खुर्चीवर बसले की माणसं पाणी प्यायला म्हणून उठतात आणि परत येत नाहीत.

प्रकरण साधं आहे. कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाले त्या वर्षी जबलपूरजवळच्या मझौलीला एका लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेने सहज सांगितलं, की जवळच्या एका टोल्यावरच्या मुली आठवीनंतर घरी बसतात. टोला म्हणजे मूळ गावापासून लांब पडलेली वीस-पंचवीस घरांची वस्ती. तिथली शाळा आठवीला संपते. पुढची शाळा मझौलीत, सात किलोमीटरवर, आणि मधला रस्ता रानातला. आईबापांना शिकवायचं नाही असं नाही, फक्त पोरींना नेणारं-आणणारं कोणी नाही. मी हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, एवढंच ना, गाडी लावू. तेवढ्यात वाढप्याने जिलेबी वाढली. ती मी आनंदाने खाल्ली, म्हणजे बघा मला किती कळत होतं.

टोल्यावरच एकाची ऑटो आहे. तो मुलींना सकाळी नेतो आणि संध्याकाळी आणतो, आणि त्याचं भाडं मी असे फोन करून जमवते. यंदा मुली अकरा, त्यामुळे दोन फेऱ्या होतात आणि दुसऱ्या फेरीतल्या मुलींची प्रार्थना रोज बुडते. त्याबद्दल शाळा कधी बोलली नाही, हे तिचे उपकार.

अडचण अशी, की ऑटोचं भाडं ही दान द्यायची वस्तू आहे असं आमच्या लोकांना वाटतच नाही. वडिलांची तिथी असो, सासूबाईंचं वर्षश्राद्ध असो, नातवाचा पहिला वाढदिवस असो, माणसं सढळ हाताने देतात. पण दप्तर देतात, कंपासपेटी देतात, स्वेटर देतात. ते हातात ठेवता येतं, त्यावर नाव घालता येतं, फोटो निघतो. पेट्रोलचा फोटो काय काढणार? म्हणून टोल्यावर अशा पोरी आहेत, ज्यांच्याकडे तीन-तीन दप्तरं आहेत आणि शाळेत जायची सोय मात्र दर जूनमध्ये अधांतरी. मी कुणाला दोष देत नाही. म्हणजे देते, पण मनातल्या मनात.

यंदा त्या अकरांपैकी एक दहावीत गेली होती. उंच, मोजकं बोलणारी पोरगी. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत ती जे गणित करते, ते मला फोनवर करायलाही वेळ लागतो. तिचे वडील मला शांतपणे म्हणाले होते, "गाड़ी आएगी तो जाएगी, अम्मा जी. नहीं आएगी तो घर में काम कम है क्या?" आणि ऑटोवाल्याने एप्रिलमध्येच सांगून टाकलं होतं, "इस बार बोर्ड की परीक्षा तक का पक्का बोलो. हर महीने की खींचतान अब मुझसे नहीं होगी. नहीं तो मैं मंडी का माल ढोऊँगा." मला त्याचा राग आला नाही. तोही माझ्याइतकाच थकला होता.

शाळा उघडायच्या तोंडावर अधिक महिना आला. आम्ही त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. तीन वर्षांतून एकदा येतो, त्यात केलेल्या दानाचं पुण्य मोठं, आणि दान द्यायचं ते तेहतीसच्या संख्येने. तेहतीस अनारसे, तेहतीस बत्तासे. बत्तीस चालत नाहीत. आमच्या महिला मंडळाने ठरवलं, की यंदा मंडळाचं वाण गरीब मुलींना द्यायचं. ऐकून मला वाटलं, देव एकदाचा जागा झाला.

बैठक सिव्हिल लाइन्समध्ये अध्यक्षबाईंच्या बंगल्यावर होती. मी सगळं सांगितलं, टोला, रान, ऑटोवाला, दहावीतली पोरगी. बायका कळवळल्या. एकीने तर डोळे पुसले. मग अध्यक्षबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "पण ताई, ऑटो तेहतीस कशा देणार?"

आणि इथे मी माती खाल्ली. मी म्हणाले, "अकरा मुली आहेत. प्रत्येकीला तीन वस्तू दिल्या तर बरोब्बर तेहतीस होतात. दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली." मनात म्हटलं, आधी यांचं समाधान होऊ दे, मग चहाच्या वेळी ऑटोचं काढू. सगळ्यांचे चेहरे उजळले. "बघा, ताईंनी कसं जुळवलं." चहा आला, चकल्या आल्या, दप्तरं निळी घ्यायची की गुलाबी यावर अर्धा तास गेला, आणि मी चकली खात गप्प बसले. कोणी कौतुक केलं की माझी वाचा बसते. हा दोष जुना आहे.

अधिक महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन गाड्या भरून आम्ही टोल्यावर गेलो. मोहाच्या झाडाखाली सतरंज्या घातल्या. प्रत्येक मुलीला कुंकू लावलं, हातात दिवा दिला, तीन वस्तू दिल्या आणि दान घेणारीला नमस्कार करायचा म्हणून आमच्या बायका त्यांच्या पाया पडल्या. मुली लाजल्या नाहीत. या भागात लेकींच्या पाया पडायची रीतच आहे. फोटो छान आले.

मंडळी पाणी प्यायला गाडीकडे गेली तेव्हा ती उंच पोरगी माझ्याजवळ आली. नवं दप्तर पाठीवर होतं.

"अम्मा जी, तीन-तीन चीज़ें काहे को?"

मी तिला धोंड्याचा महिना समजावून सांगितला, तेहतीसचं दान समजावून सांगितलं. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला.

"आज से बोर्ड तक, छुट्टियाँ काट के, तैंतीस हफ्ते ही तो होते हैं," ती म्हणाली. "हफ्ते दे देतीं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. फळ्यावरच्या गणिताचं उत्तर सांगावं, तसं तिने सांगितलं. मला आधी तिचाच राग आला, हे लिहायला लाज वाटते. कॉलेजच्या ऑफिसात मी उभा जन्म आठवड्यांची वेळापत्रकं करण्यात घालवला आणि त्या बैठकीत हे माझ्या डोक्यात आलं नाही. ऑटोवाला कुठे दिसेना. विचारलं तर कळलं, पहाटेच मंडीचा कांदा घेऊन गेला आहे.

परतताना गाडीत मी अध्यक्षबाईंना पोरीचं बोलणं सांगितलं. बाई मनाने चांगल्या आहेत, त्यांना खरंच वाईट वाटलं. "अहो ताई, किती सुंदर. हे तेव्हाच सुचायला हवं होतं हो. आता वाण तर देऊन झालं. पुढच्या अधिकात नक्की करू."

पुढचा अधिक तीन वर्षांनी. हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात मला गढा भागातल्या आमच्या घरातलं माझंच कपाट आठवलं. त्यात लाल फडक्यात गुंडाळलेलं चांदीचं ताट आणि तांब्या होता. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे द्यायचे म्हणून मी तो जोड वर्षभर आधी घेऊन ठेवला होता. अख्ख्या मंडळाला रीत वाकवायला सांगणाऱ्या बाईला स्वतःचं ताट एकदाही आठवलं नव्हतं.

घरी आल्यावर यांना सांगितलं, की ताट-तांब्या मोडून ऑटोचं भाडं द्यायचं. विचारलं, "जावई नाराज होतील का?"

"जावई नाही होत," हे म्हणाले. "तुयी पोरगी होते."

तसंच झालं. नागपूरहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सासूबाईंना मी काय सांगू?" मी म्हटलं, सांग, ताट शाळेत गेलं. जावयांनी फोन घेतला आणि म्हणाले, "आई, अनारसे तरी पाठवून द्या." मग मी तेहतीस अनारसे तळले. तीन तुपात विरघळले, ते पुन्हा केले. स्टीलच्या डब्यात भरून पाठवले.

ताट-तांब्या सराफाकडे गेला. पहिलं भाडं हातावर ठेवलं तेव्हा ऑटोवाल्याने विचारलं, "बोर्ड तक पक्का ना, अम्मा जी?" मी म्हणाले, "चलो, चलाओ तो सही." हो मी म्हटलं नाही. त्याने मात्र ते हो असंच धरलं आणि मीही धरू दिलं.

मागच्या आठवड्यात टोल्यावर गेले होते. पोरीने मला दप्तराचं झाकण उलटून दाखवलं. आतल्या अस्तरावर तिने बॉलपेनने रेघा मारल्या आहेत, दर शनिवारी एक, पाच-पाचचे गठ्ठे करून. "चौदह हो गए," ती म्हणाली. "उन्नीस बचे." मी शाबास म्हटलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी आले.

आज सकाळपासून फोन घेऊन बसले आहे. पहिल्या दोघांनी उचलला नाही. चांदी अठराव्या आठवड्याला संपते. तिला ते सांगणं मला अजून जमलेलं नाही.