बोर्डावरचा जुना नंबर

कृष्णकांतकाका बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून माइकवर बोलत आलेत. रोडपालीच्या पुढे स्टील मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर जो वजनकाटा आहे, तिथले ते ऑपरेटर. ट्रक काट्यावर आला की कॅबिनमधून त्यांचा आवाज घुमतो, "पुढे घे. अजून. बस! इंजिन बंद. दोघं खाली उतरा." कोणी क्लीनर वर बसून राहिला, तर त्यांना आकड्यावरूनच कळतं. "तू उतरलास तरच पावती निघेल, राजा."

घरीही ते असंच बोलतात. कुमुदकाकू म्हणतात, "या माणसाला हात जोडून सांगितलं, माइक ऑफिसात ठेवून या."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि काटे दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागले, तेव्हापासून काका मला मिताली म्हणायचे बंद झाले. आता मी फक्त 'इंजिनीअर'. घरात बल्ब गेला, टीव्हीचं चॅनल लागेना, फोन हँग झाला, की जिन्यातून हाक येते, "इंजिनीअर, खाली ये!"

त्यांचा मुलगा अथर्व. खारघरच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरात न सांगता त्याने अग्निवीरची भरती दिली आणि निवड झाल्यावरच सांगितलं. काका दोन महिने त्याच्याशी धड बोलले नाहीत. बोलले ते एवढंच, की चार वर्षांनी परत येऊन काय काट्यावर बसणार आहेस?

निघायच्या आदल्या दिवशी मी काट्यावर वजनाचा आकडा दाखवणारा बाहेरचा इंडिकेटर तपासत होते. अथर्व नवी कोरी काळी ट्रंक घेऊन आला आणि ट्रंकेसकट प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभा राहिला. "ताई, बघ ना किती!" काटा साठ टनांचा, दहा किलोच्या टप्प्याने मोजणारा. पडद्यावर नव्वद आलं. मी हसले. तेवढ्यात कॅबिनमधून आवाज आला, "खाली उतर. काटा खेळायला नाही."

तो उतरला. ट्रंक उचलून चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी कळंबोली सर्कलला बेळगावच्या बसजवळ आम्ही सगळे होतो. मोरा बंदरावरचे बुधाजी कोळी त्यांच्या शिवाला सोडायला आले होते. शिवा आणि अथर्व एकाच ठिकाणी ट्रेनिंगला निघाले होते, म्हणून दोन्ही बापांनी एकमेकांचे नंबर घेतले. बुधाजी रडत होते, अगदी उघड, रुमाल वगैरे न काढता. काकूही रडत होत्या. अथर्वचे डोळे भरले तसे काका एकदम खेकसले, "आता हे नाटक नको. तिकडून रडायला फोन केलास ना, तर मी उचलणार नाही. सांगून ठेवतो."

बस गेली. पुढचं सगळं या एका वाक्यापाशी येऊन अडकणार होतं, पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. काका आहेतच असे, एवढंच वाटलं.

अथर्वचा फोन तिथे जमा करून घेतला. लावला की बंद. पहिल्या आठवड्यात काकांचा जीव नुसता फोनमध्ये अडकलेला. फोन वाजला की काटा, ट्रक, सगळं सोडून ते झडप घालायचे आणि पलीकडून एखादी गोड आवाजाची मुलगी, "सर, विमानतळापासून दहा मिनिटांवर एनए प्लॉट आहेत." दुसरा फोन, "सर, पंधरा मिनिटांवर." पनवेलमध्ये ज्याच्याकडे फोन आहे त्याला हे फोन येतातच. काकांना जास्त यायचे, कारण त्यांचा नंबर वीस वर्षं काट्याच्या बोर्डावर रस्त्याच्या कडेला रंगवलेला होता. गेल्या वर्षी मालकांनी बोर्ड नवा करून स्वतःचा नंबर टाकला. ट्रकवाले तिकडे गेले, प्लॉटवाले काकांकडे राहिले.

शनिवारी जिन्यातून हाक आली. मी खाली गेले तर काका फोन हातात धरून येरझारा घालत होते.

"आजचा हा चौदावा! मला वाटतं पोराचा आहे, आणि ही बया मला क्लबहाऊस सांगते. इंजिनीअर, असं काहीतरी कर, की ज्यांची नावं माझ्याकडे आहेत तेवढ्यांचेच फोन वाजतील. बाकी सगळे बंद."

"करते की." मी एक अ‍ॅप टाकलं, चार ठिकाणी 'हो' दाबलं आणि फोन परत दिला. पाच मिनिटांचं काम. काकूंनी मला शेवग्याच्या शेंगांची आमटी वाटीभरून दिली.

फोन एकदम शांत झाला.

पहिला रविवार गेला. फोन नाही. "पहिला आठवडा आहे, सोडत नसतील," असं काकाच म्हणाले. दुसरा रविवार गेला. सोमवारी काकूंनी बुधाजींना विचारलं, तर ते म्हणाले, "आमच्या शिवाचा येतो ना दर आयतवारी. तीन मिन्टं बोलतो. तुमचा नाय करत?"

त्या दिवसापासून त्या घरात कोणी सरळ बोलेना. काकू बालवाडीत शिकवतात, आवाज चढवायची त्यांना सवय नाही. त्या भांडी आदळायच्या.

"शिवाचा येतो," त्या म्हणायच्या. ताट खाली ठेवायचं आणि एवढंच बोलायचं.

"येऊ दे. मी काय करू?"

"तुम्ही जे करायचं ते सर्कलला करून आलात."

"अगं, ते बोलायच्या ओघात बोललो. पोरगं एवढं मनाला लावून घेणारं असेल, तर सैन्यात कशाला गेलं?"

"बापावर गेलाय. बोललेलं खरं करतो."

"मग तुला का करत नाही?"

काकूंना हेच जास्त लागायचं. तिसऱ्या रविवारी त्या सकाळपासून स्वतःचा फोन ओट्यावर समोर ठेवून बसल्या होत्या. भाजी करपली. फोन वाजला तो गॅस एजन्सीचा.

काकांचा राग काट्यावर निघायला लागला. मी सर्व्हिसला गेले तेव्हा एक ड्रायव्हर माझ्याकडे तक्रार करत होता, "मॅडम, साहेब को क्या हुआ है? माइक पे गाली देते हैं." काका आतून ओरडले, "ऐकू येतंय मला! पुढे घे गाडी!" मग मला म्हणाले, "इंजिनीअर, हा काटा चुकतोय. तपास." मी तपासला. काटा बरोबर होता. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग दुसरं काहीतरी चुकतंय," आणि खिडकीबाहेर बघत बसले.

चौथ्या रविवारी दुपारी बुधाजींचा फोन आला. त्यांचं नाव काकांच्या फोनात होतं, म्हणून तो वाजला. मी तेव्हा तिथेच होते, काकूंना बालवाडीचा कसलासा ऑनलाइन फॉर्म भरून देत. बुधाजींचा आवाज समुद्रावरून हाक मारल्यासारखा, फोन कानाला न लावताही ऐकू येतो.

"काय वो, तुमी काय मानूस हाय की कोन? पोरगा दर आयतवारी रांगेत उभा ऱ्हातो, फोन लावतो, आन तुमी कट करता? शिवा बोलला मना आता. अथर्व बोलतो, पप्पा बोलले होते उचलनार नाय, ते खरंच उचलत नाय. आज एकदाच लावला त्याने, मग जाऊन पडला खाटेवर. आसं करतात का कोन?"

काका नुसते उभे होते. "मी? मी कट करतो?"

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मला उठून जावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. अथर्वचा फोन जमा आहे. म्हणजे तो तिथल्या कुठल्यातरी फोनवरून करणार. म्हणजे तो नंबर नावाशिवाय येणार. एवढी साधी गोष्ट. मी रोज काट्याखालच्या, वजन मोजणाऱ्या चार-चार लोडसेलचे सिग्नल तपासते, कुठली वायर कुठे जाते ते पाठ सांगते, आणि हे मला सुचलं नव्हतं.

"काका, फोन द्या."

अ‍ॅपमध्ये अडवलेल्या फोनांची यादी होती. शेकड्यांनी प्लॉटवाले. त्यात एक नंबर फक्त रविवारी, अकरा ते बाराच्या मध्ये. पहिल्या रविवारी सहा वेळा. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी तीन. आज एकदा.

मी ते वाचून दाखवलं. न वाचता चाललं असतं, पण वाचलं.

"तुला डिप्लोमा कोणी दिला गं?" काका ओरडले. "कोणी दिला? इंजिनीअर म्हणे!"

"तिच्यावर कशाला?" काकू त्यांच्याहून मोठ्याने ओरडल्या. मी त्यांचा एवढा आवाज पहिल्यांदा ऐकला. "तुम्हीच म्हणालात ना, बाकी सगळे बंद? आणि ते वाक्य तिने शिकवलं होतं तुम्हाला?"

"पण हा गाढव तुला का नाही लावत?"

"माझा नंबर सहा महिन्यांपूर्वी बदलला. त्याच्या फोनात आहे, डोक्यात कुठून असणार?"

हे खरं होतं. आमच्या वयाच्या कोणालाच नंबर पाठ नसतात. अथर्वला जगातला एकच नंबर पाठ होता. शाळेतून आल्यावर डबा घेऊन तो काट्यावर जायचा, तेव्हा बोर्डावर हातभर आकड्यांत रंगवलेला.

रविवारी येणाऱ्या त्या नंबरावर आम्ही उलटा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कोणी उचलत नव्हतं. पुढचा रविवार यायला सात दिवस होते. सहा, चार, तीन, एक असा उतरत गेलेला पोरगा पाचव्या रविवारी फोन लावेल की नाही, हे कोण सांगणार?

मी अ‍ॅप काढून टाकलं. काका आठवडाभर प्रत्येक फोन उचलत होते. "हॅलो, अथर्व?" "सर, मी पल्लवी बोलतेय, विमानतळापासून..." बुधवारपर्यंत ती पल्लवी त्यांना ओळखायला लागली. "काका, तुम्ही चौथ्यांदा ऐकताय, साइट बघायला कधी येताय?"

"येतो गं बाई, पण आता लाइन सोड."

रविवारी मी साडेदहालाच खाली गेले. न जाऊन कसं चाललं असतं? टेबलावर फोन, बाजूला चार्जर, काका खुर्चीत ताठ, काकू दारात उभ्या. सव्वाअकराला फोन वाजला. बुधाजी.

"सांगितला, सांगितला! शिवाला सगला सांगितला! तो आता अथर्वला..."

"ठेवा फोन! लाइन अडवू नका!" काका किंचाळले आणि आभारही न मानता कट केला.

साडेअकरा. पावणेबारा. बाराला दहा कमी असताना तो नंबर आला. काकांच्या हातून फोन निसटला, टेबलावर आपटला. मी उचलून स्पीकर लावला.

"पप्पा?"

"मी कट करत नव्हतो." काकांचा आवाज थेट माइकवरचा. "फोन करत होता. म्हणजे फोनच कट करत होता. या इंजिनीअरने ते लावलं होतं. मी लावायला सांगितलं होतं. तुझा फोन ऐकू यावा म्हणून लावलं होतं."

पलीकडे नुसता रांगेतला गलका. मग तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही म्हणाला होतात तसंच..."

"वाटलं म्हणजे? एकोणीस वर्षं घरात राहिलास, बाप ओळखता येत नाही?"

"तुम्हीच म्हणाला होतात, पप्पा."

"म्हणालो होतो." काका थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते बोललेही. "पेन आहे का? आईचा नंबर लिहून घे."

"पेन नाहीये."

"मग पाठ कर. म्हण माझ्यामागून." आणि त्यांनी एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. अथर्व मागून म्हणत होता. सातव्या आकड्याला चुकला. "परत. पहिल्यापासून." काकू हात पुढे करून उभ्या होत्या. "अहो, द्या ना मला, अहो!" काकांनी त्यांना हाताने थांबवलं. "पुन्हा म्हण. उलटा म्हणून दाखव." "उलटा कशाला, पप्पा?" "म्हण म्हणतो ना!"

मागून कोणीतरी हिंदीत ओरडलं. काकूंनी फोन हिसकावला. "अरे अथर्व, जेवतोस का रे नीट..." तेवढ्यात कट.

मग काकूंनी जे तोंड सोडलं ते मी इथे लिहीत नाही. पाच आठवडे वाट बघितली आणि तीन मिनिटं आकडे म्हणत बसलात, हा त्याचा सारांश. काका मान खाली घालून ऐकत होते. एकदाच म्हणाले, "त्याला दोन नंबर माहीत असायला हवेत. एकावर भरवसा ठेवून चालत नाही."

मी उठणार, तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. काकूंचा. तोच नंबर. पोरगा पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला असणार.

काकूंनी फोन उचलला, स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून त्यांचं हसणं ऐकू आलं, मग बारीक आवाजात बोलणं. काका दारापर्यंत गेले. टकटक करायला हात उचलला, तसाच खाली घेतला. "विचार गं, वजन किती झालंय," ते दाराला म्हणाले. आतून काकूंनी त्याला विचारलं आणि ओरडून सांगितलं, "चार किलो कमी!"

"चार," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "आपल्या काट्याला कळलंही नसतं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बिननावाचा नंबर. आता अथर्व आत बोलत होता, हा उचलायची काहीच गरज नव्हती. काकांनी उचलला.

"हां पल्लवी, बोल," ते बंद दारासमोर स्टूल ओढून बसत म्हणाले. "आज वेळ आहे मला. किती मिनिटांवर म्हणालीस?"