शेजारच्या बाटल्या

कल्पना करा, तुम्ही संडास घासताय. ब्लीच टाकूनही डाग निघेना, म्हणून वरून अ‍ॅसिड ओतता. सुनेनं दार लावून नेमकं हेच केलं.

इस्पितळात सफाईकाम करणाऱ्या सासूनं तो घसा जाळणारा वास लगेच ओळखला. लाथा घालून तिनं कडी तोडली, घुसमटलेल्या सुनेला केसांना धरून गॅलरीत फरफटत आणलं आणि फाडफाड थोबाडीत दिल्या.

“आई, मारताय काय!” सून खोकत रडली.

“मेली असतीस, भवाने! दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो!”

“मला काय ठाऊक? दुकानात तर शेजारी-शेजारीच असतात.”

सासूचा उगारलेला हात थांबला. दुकानदाराची गचांडी धरून तिला हेच विचारायचं होतं: या दोन्ही बाटल्या एकाच फळीवर का?